समोरच्या खिळ्यावरचा हंस

मी एक जुनी पाटी आहे. पत्र्याची. वेल्ह्याच्या वर, तोरण्याच्या कुशीत एक धनगरवाडा आहे, तिथल्या कोकरांच्या खोपटाला मला दार म्हणून ठोकलं आहे. दार म्हटलं तरी अर्धंच. उरलेलं अर्धं कोण, ते मी शेवटी सांगेन. तिचं नाव घ्यायला मला अजूनही जड जातं.

कोकरं मला चाटतात. माझ्या अंगात मीठ मुरलेलं आहे, ते त्यांना आवडतं. चाटून चाटून त्यांनी माझा बराचसा रंग नेला. तरी उजव्या अंगाला निरखून पाहिलंत तर एक काळी चोच दिसेल आणि चोचीच्या वर एक लाल डोळा. तो डोळा मात्र जात नाही. नऊ वर्षं तो एकाच खिळ्याकडे बघत होता.

मित्रांनो, तुम्हांला राग येतो आणि दिवेलागणीपर्यंत निघून जातो. माझा गेला नाही. पत्र्याला गंज चढतो तसा तो रोज थोडाथोडा चढत गेला आणि मला वाटत राहिलं की हाच माझा रंग.

माझा जन्म भोरच्या पेठेतला. तिथं रखमाजी नावाचा पत्र्याचा कारागीर होता. कंदील सांधायचा, चाळण्या-नरसाळी करायचा आणि कुणी सांगितलंच तर दुकानाच्या पाट्याही रंगवायचा. १९३२ सालच्या श्रावणात त्यानं रॉकेलचा एक रिकामा डबा उभा कापला, ठोकून सपाट केला आणि मधोमध कात्री चालवली. कात्री बोथट होती. काप सरळ गेला नाही, मध्येच नीरेच्या पात्रासारखा एक वळसा घेऊन गेला. वळशाच्या एका अंगाला मी, दुसऱ्या अंगाला ती. एका डब्याच्या आम्ही दोघी, सख्ख्या बहिणी.

गिऱ्हाईक आधी तिला मिळालं. त्या गिऱ्हाइकाचं नाव कुंडलिक.

कुंडलिकाची गोष्ट सांगायची तर आधी ठकुबाईची सांगायला हवी. भोरला लागून उत्रोली आहे, भाताचं गाव. ठकुबाई तिथली. ती दातांना लावायचं काळं मंजन करायची. भात कांडून उरलेलं तूस मंद जाळायची, त्याची काळी राख, त्यात हिरडा, मीठ आणि चार लवंगा. हिरडा वेल्ह्याकडच्या रानातून यायचा. भामाबाई नावाची धनगरीण होळीच्या सुमारास पोतं घेऊन उतरायची. मग जात्यावर दळण, मग जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गाळण. गाळताना ठकुबाईची बोटं, नाक, पापण्या सगळं काळं व्हायचं आणि हसली की पांढरे दात तेवढे चमकायचे. तिच्या हनुवटीवर गोंदलेले तीन टिपके होते. ते त्या काळ्यात बुडून जायचे आणि तोंड धुतलं की पुन्हा वर यायचे.

तिला भाऊ नव्हता. कुंडलिक गावातलाच, आईबापाविना वाढलेला, त्याला बहीण नव्हती. एका दिवाळीला तिनं त्याला पाटावर बसवून ओवाळलं आणि दोघांचंही भागलं. मंजनाची टोपली बाजाराला न्यायचं काम तेव्हापासून त्याचं. नव्या दळणाची चिमूट जिभेवर ठेवल्याशिवाय तो टोपली डोक्यावर घेत नसे. डोळे मिटायचा, जीभ टाळूला लावायचा आणि म्हणायचा, "बरोबर पडलंय, आक्का."

मग त्याला कुणी पुण्याचा व्यापारी भेटला. त्या व्यापाऱ्यानं खडूची पांढरीशुभ्र पूड दाखवली. तिला कापराचा वास होता.

"आक्का, लोकास्नी आता पांढरं पायजे," कुंडलिक म्हणाला. "आपुनबी खडू घालू. राख कुनाला दावायची?"

"माझ्या जात्यात खडू पडायचा न्हाई."

"मंग म्या माझं बघतो."

"बघ की. कुनी धरलंय तुला?"

एवढंच झालं. दोघांनाही वाटलं असेल, समोरचा उद्या येईल. कुणीच आलं नाही. महिन्याभरात कुंडलिकानं पेठेत एक गाळा घेतला आणि रखमाजीकडे पाटी रंगवायला आला. मी शेजारीच कोरी पडले होते, म्हणून सगळं ऐकलं.

"एका बाजूला हंस काढ," कुंडलिकानं सांगितलं. "हंस छाप पांढरं मंजन. आन त्येच्या शेजारी एक बाई. काळ्या तोंडाची, दात पडल्याली."

रखमाजीनं काढली. मग ब्रश धरून थांबला. "हनुवटी लई मोकळी वाटतीय रं."

कुंडलिकानं आपल्या हनुवटीवरून बोट फिरवलं. मग म्हणाला, "तीन टिपके दे."

ते टिपके कुणाचे, हे रखमाजीनं ओळखलं. पण गिऱ्हाईक उभं होतं. त्यानं टिपके दिले. खाली लिहिलं, 'काळं लावाल, काळे व्हाल.'

बाजारच्या दिवशी पाटी लागली. ठकुबाई स्वतःच डोक्यावर टोपली घेऊन आली होती. तिला वाचता येत नव्हतं. वाचायची गरजही नव्हती. कासारणीनं तिला हाक मारली, "अगं ठकू, तुजा फोटू लावलाय की गं दुकानावर!" भाजीवाल्या हसल्या, मीठवाला हसला. एक पोर चित्राकडे आणि तिच्याकडे आलटून पालटून बोट दाखवून ओरडलं, "काळतोंडी! काळतोंडी!"

कुंडलिक आत पुड्या बांधत होता. त्यानं मान वर केली नाही.

ठकुबाई चित्रासमोर उभी राहिली. हनुवटीला पदर लावला, पुन्हा काढला. मग तडक रखमाजीच्या दारात आली.

"हे तुजं काम न्हवं?"

"वैनी, पोटाचा धंदा हाय…"

"तुला कोन काय म्हनतंय? दुसरं अर्दं कुठंय त्या पत्र्याचं?"

रखमाजीनं मला पुढं केलं. त्याचे कान लाल झाले होते.

"काय काढू?"

"कावळा."

"कावळा? अवो, कावळ्याचं मंजन कोन घील?"

"त्यो हंस झाला न्हवं? मग म्या कावळा. डोळा लाल कर त्याचा. आन असा बसीव की त्यो सदा त्याच खिळ्याकडं बगंल."

त्या दिवशी तिनं दोन गोष्टी बोलून ठेवल्या. ते चित्र भर बाजारात उतरल्याशिवाय कुणाला भाऊ म्हणणार नाही आणि ते चित्र कुंडलिकाच्याच हातानं उतरवणार. मित्रांनो, माझा रंग तेव्हा ओला होता. ओल्या रंगात धूळ बसली की ती कायमची बसते. तसं तिचं बोलणं माझ्यात बसलं.

समोरच्या लिंबाला ती मला दर बाजारी टांगायची आणि संध्याकाळी फडक्यात बांधून उत्रोलीला घेऊन जायची. घरी मी जात्याच्या वरच्या भिंतीला असे. समोरची पाटी मात्र कायमची तिच्या खिळ्यावर.

सुरुवातीला कुणी फिरकेना. कावळा म्हणजे दहाव्याचा पाहुणा, त्याच्या तोंडचं कोण आपल्या तोंडात घालणार? पण भाद्रपदात पितरांचा पंधरवडा आला. नीरेकाठी पानं वाढून माणसं आभाळाकडे बघत बसली. ठकुबाईनं मला तिथल्याच एका झाडाला टांगलं आणि जात्यावर गातात तशा सुरात गाणं लावलं:

काळा काऊ गं डहाळीला, बघतो पितरांची वाट,
आजीच्या गं माझ्या आजीनं, तुसानं घासले दात.

बायका थबकल्या. एक म्हातारी म्हणाली, "खरंच की. माझी सासू तुसानंच घासायची. मरताना बत्तीस दात व्हते." त्या दिवशी टोपली रिकामी झाली. ज्या शिवीनं तिला डागलं होतं, तिचीच तिनं छाप केली होती. उत्रोलीपासून वरवे गावापर्यंत लोक 'कावळा द्या' म्हणू लागले.

कुंडलिक काय गप्प बसतो! त्यानं हलगीवाला आणला आणि दुकानापुढं उभं राहून स्वतः गायला लागला:

हंस बसला तळ्यात, कावळा उकिरड्यावर,
सांगा बायांनो, हात ठेवाल कुणाच्या पुडीवर?

लिंबाखालून लगेच उत्तर गेलं:

हंस पाहिला का कुणी, सांगा भोरच्या बायांनो?
म्हशीमागं चालतो तो बगळा, खरं बघा गं सयांनो!

बाजार खदखदला. खरंच, या मुलखात हंस कुणी पाहिला होता? भाताच्या खाचरात म्हशींमागं फिरणारा बगळा सगळ्यांच्या ओळखीचा. रखमाजीनंही हंस कधी पाहिला नव्हता. त्यानं बगळा बघूनच तो काढला होता. हंस छापचं लोकांनी बगळा छाप केलं.

कुंडलिक चिडून रखमाजीकडे गेला. "मान लांब कर. बगळ्यावानी दिसाय नको." रखमाजीनं मान लांबवली. ठकुबाईनं दुसऱ्या बाजाराला गाणं केलं, की बगळ्याच्या घशात बेडूक अडकला. पुन्हा मान लांबली, त्यात वळण आलं. मला समोरून सगळं दिसत होतं आणि मी हसत होते. पत्रा हसला की उन्हात तडतडतो, तसं.

मग नागपंचमी आली. आता त्या मानेला तीन वेढे झाले होते आणि वर टोकाला डोकं. वाटेनं चाललेल्या नव्या सुनांनी ते पाहिलं, हात जोडले आणि पाटीखाली लाह्या-दूध ठेवून पुढं गेल्या. त्यांचं बघून आणखी बायका आल्या. दुपारपर्यंत कुंडलिकाच्या पायरीवर दुधाचा ओघळ. तो आधी ओरडला, "अगं बायांनो, हंस हाय ह्यो!" कुणी ऐकेना. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. त्यानं हलगी धरली:

नागोबा बसला पहाऱ्याला,
किडा न्हाई दाताला!

त्या आठवड्यात त्याच्या पुड्या पुरेनात. ठकुबाईनं खेचलेली मान तिच्याच गळ्यात आली. घरी येऊन तिनं मला भिंतीवर टांगलं नाही, भुईवर आपटलं. माझा डावा कोपरा तेव्हा वाकला, तो आजही तसाच आहे.

तिचा नवरा सावळाराम भला माणूस, शेतात राबायचा आणि कमी बोलायचा. त्या रात्री जेवताना म्हणाला, "अगं, दात घासायचं ते. लढाई न्हवं."

"तुमी जेवा."

"जेवतोच की. म्या आपला दातांनीच जेवतो."

ती हसली नाही. मीही नाही. मला तेव्हा फक्त ती पाटी चिखलात पालथी पडलेली बघायची होती. सख्खी बहीण, हे मी विसरून गेले होते.

वर्षं गेली. भोरमधली निम्मी घरं कावळ्याची झाली, निम्मी हंसाची. सोयरिकीला आलेली माणसं आधी विचारत, "तुमच्यात काळं का पांढरं?" गंमत अशी, की कावळा छाप म्हणजे काय असं कुणी विचारलं तर लोक सांगत, "हंस न्हवं ते." आणि हंस छाप म्हणजे? "कावळा न्हवं ते." तुसाचं, हिरड्याचं, लवंगेचं नाव कुणी काढत नव्हतं. ठकुबाईच्या गाण्यातूनही ते गेलं होतं. गाण्यात आता फक्त बगळा, खडू आणि कुंडलिक.

मित्रांनो, पुढचं मी कुणालाच सांगितलेलं नाही. कुंडलिकानं पूड आणखी पांढरी केली, तशी ठकुबाईला आपली आणखी काळी करावीशी वाटू लागली. हिरडा पिवळट, तो घातला की काळा रंग फिका पडतो. मग हिरडा पसाभर होता तो मूठभर झाला. मुठीचा चिमटीवर आला. आणि चुलीवरची काजळी खरवडून त्यात जाऊ लागली. मी जात्याच्या वरच होते, मला दिसत होतं.

भामाबाईलाही दिसलं. हिरड्याचं पोतं उतरवून ती म्हणाली, "आवंदा अर्दं पोतं पुरं म्हनतीस, ठकू? मंजन वाढलंय आन हिरडा कमी, ह्ये कसं गं?"

"तुला काय करायचंय? काळं दिसलं पायजे."

"दिसाया व्हय? मला वाटलं, दाताला लावाया."

ठकुबाईनं तिला चहा न देताच वाटेला लावलं.

आणि मग १९४१ ची भाऊबीज आली, ती नेमकी बाजारच्या दिवशी. पहाटे ठकुबाईनं ताम्हन घासलं. निरांजन ठेवलं, सुपारी ठेवली, कुंकवाची कोयरी ठेवली. मला फडक्यात न बांधता बगलेत मारलं आणि निघाली. मला काहीच कळेना. नऊ वर्षांत ती समोरच्या पायरीवर चढली नव्हती, आज सरळ चढली.

बाजार जागच्या जागी थांबला. हलगीवाल्याच्या हातातली काडी हवेतच राहिली.

कुंडलिक दुकानात उभा होता. केस कानांवर पांढरे झाले होते. त्यानं आधी ताम्हन पाहिलं, मग तिला. "आक्का," म्हणाला, "आलीस?" त्यानं घाईघाईनं टोपी सारखी केली, खडूचं एक पोतं ओढून त्यावर मांडी घातली आणि कपाळ पुढं केलं. लहान पोर करतं तसं डोळे मिटून.

ठकुबाईनं कोयरी उघडली. आत कुंकू नव्हतं. काळं मंजन होतं. तिनं तीन बोटं बुडवली आणि त्याच्या कपाळापासून नाकावरून, ओठांवरून, थेट हनुवटीपर्यंत ओढली.

"आता तुजी पाटी तूच हो," ती म्हणाली.

बाजार फुटला. लोक पोट धरून हसले. कुणी शिट्टी घातली. "काळतोंड्या! काळतोंड्या!" पोरं नवी होती, ओरड तीच होती. माझा लाल डोळा त्या क्षणी जेवढा सुखावला तेवढा पुन्हा कधी नाही. मला वाटलं, हेच ते. ह्याचसाठी मी कापली गेले.

कुंडलिकानं डोळे उघडले. तोंड पुसलं नाही. सवय माणसाला सोडत नाही बघा. ओठाला लागलेलं मंजन त्याच्या जिभेला लागलं आणि त्यानं नकळत जीभ टाळूला लावली. पूर्वी टोपली उचलण्याआधी लावायचा, तशीच. मग तो हलक्या आवाजात बोलला. हसण्याच्या गलक्यात ते दोघींनीच ऐकलं, तिनं आणि तिच्या बगलेत असलेल्या मी.

"आक्का, हिरडा कमी पडलाय गं."

मी तिच्या बरगडीला टेकले होते. ती बरगडी आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

संध्याकाळी कुंडलिकानं आपल्या हातानं पाटी उतरवली. भर बाजारात, ठकुबाईनं ठरवलं होतं तसंच. काखोटीला मारली आणि वेल्ह्याच्या वाटेला लागला. तोंड तसंच काळं. समोर खिळा तेवढा उरला.

दोन बाजार लोकांनी ठकुबाईला डोक्यावर घेतलं. तिसऱ्या बाजाराला ती गायला उभी राहिली, एक ओळ गायली आणि सवयीनं समोर बघून थांबली. उत्तर आलं नाही. कुणीतरी म्हणालं, "आता काय गाता, ठकुबाय? हंस तर उडाला." लोक पांगले. जिथं हंस नाही तिथं 'हंस न्हवं ते' घेऊन काय करायचं? त्याच गाळ्यात कुणी मुंबईहून आलेल्या गुलाबी पुडीच्या डब्या मांडल्या. बायका त्यांचा वास घेऊ लागल्या.

ठकुबाईनं घरी हिरडा पहिल्यासारखा पसाभर घातला. काजळी बंद केली. तसं मंजन तिनं कित्येक वर्षांत केलं नव्हतं. पण कुणाला फरक कळला नाही. जिभेवर ठेवून बघणारा एकच माणूस होता आणि बाकीच्या बाजाराला तिनं स्वतःच रंगाची सवय लावली होती. मी लिंबावर लोंबकळत समोरच्या रिकाम्या खिळ्याकडे बघत राहायचे. मित्रांनो, वैरी गेला की मोकळं वाटतं म्हणतात. मला तर आपल्या अंगावर नेमकं काय रंगवलंय तेच आठवेना.

भामाबाई त्या होळीला आली नाही, पुढच्या होळीलाही नाही. घरातला हिरडा संपला. एके दिवशी ठकुबाईनं मला फडक्यात बांधलं, सावळारामाला म्हणाली, "वेल्ह्याला जाऊन येते," आणि निघाली. नसरापूरपर्यंत बैलगाडी, पुढं पायी. मी तिच्या डोक्यावर होते. कुंडलिक तिकडंच आहे हे तिला ठाऊक होतं आणि मलाही. मी मनात म्हटलं, शेवटचा घाव राहिलाय. मला त्याच्या दारासमोर टांगणार. माझा लाल डोळा फडक्यातसुद्धा मिटला नाही.

दुसऱ्या दिवशी भामाबाईच्या धनगरवाड्यात पोचलो तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. कुंडलिक तिच्याच अंगणात हिरडे वाळत पसरत होता. पलीकडे कोकरांचं खोपट होतं आणि त्याच्या तोंडाला तीच पाटी ठोकलेली. हंसाची तीन वेढ्यांची मान जशीच्या तशी. पण शेजारच्या बाईचं काळं तोंड दगडानं घासघासून काढलेलं. तिथं पत्रा चांदीसारखा उघडा पडला होता. मध्ये फक्त हनुवटीवरचे तीन टिपके राहिले होते.

ठकुबाई जवळ गेली. हनुवटीला हात लावला.

"समदं घासलंस. मग ह्ये का ठेवलंस?"

"ते तुजं व्हतं," कुंडलिक खाली बघत म्हणाला. "काळं माजं व्हतं. ते काढलं."

तेवढ्यात भामाबाई आतून बाहेर आली. तिला कुणाच्या रडण्या-रुसण्याला वेळ नव्हता. "चहा दिऊ का हाकलू, ठकू? मागल्या खेपंचं फिटंल," ती म्हणाली. आणि ठकुबाई हसायच्या आत पुढं बोलली, "दार अर्दंच हाय बघ. काटं लावलं तरी लांडगं शिरतं. दोन कोकरं नेली."

ठकुबाईनं मला सोडलं. फडकं बाजूला केलं आणि मला त्या पाटीच्या कडेला धरलं.

मित्रांनो, रखमाजीची कात्री बोथट होती म्हणून सांगितलं ना? तो वळसा वळशात बसला. रेघभरही फट राहिली नाही. इतकी वर्षं मी तिला समोरून पाहिलं होतं. ती माझ्या कडेला बसते, हे मी विसरलेच होते.

"एकाच डब्याचं हाय," ठकुबाई म्हणाली. "ठोक."

कुंडलिकानं खिळे ठोकले. प्रत्येक खिळा मला लागला. काही तिलाही लागले असतील.

जाताना ठकुबाईनं हिरड्याचं पोतं डोक्यावर घेतलं. चार पावलं गेली आणि वळली. "दिवाळीला येतूस का रं?"

"बोलावतीस?"

"बोलावते. पर कपाळ पुढं करताना इचार कर. ताम्हनात काय आसंल त्याचा मला सोताला भरवसा न्हाई."

भामाबाई एवढ्या मोठ्यानं हसली की कोकरं उठून उभी राहिली.

दिवाळी झाली आणि कुंडलिक उत्रोलीहून परत आला. कपाळावर लालभडक कुंकू होतं. आणि कुंकवाखाली, नजर लागू नये म्हणून लावतात तसा, एक बारीक काळा टिपका. भामाबाईनं विचारलं, "आन ह्ये काय?" त्यानं बोट टिपक्याला लावून जिभेवर ठेवलं, डोळे मिटले आणि म्हणाला, "बरोबर पडलंय."

त्या दोघांचं मिटलं. माझं म्हणाल तर पत्रा लवकर निवतो असं लोक समजतात, पण आतली ऊब राहते. वारा सुटला की आम्ही दोघी एकमेकींवर आपटतो. मी मुद्दामच थोडी जोरानं आपटते. तीही. पण आता ती समोर नाही, कडेला आहे, मला दिसत नाही. त्यामुळे मी कोण हे तिच्याकडे बघून सांगता येत नाही. आपलं आपल्याला चाचपावं लागतं. एक वाकलेला कोपरा, थोडा गंज, एक चोच आणि मुरलेलं मीठ. एवढी मी.

मित्रांनो, उद्या तुम्हीही काही विकाल, काही मिरवाल, पाट्या रंगवाल. रंगवा. पण दुसऱ्याच्या तोंडाला काळं काढून आपला हंस पांढरा दिसतो असं कुणी सांगितलं तर माझा वाकलेला कोपरा आठवा. आधी आपल्या पुडीतली चिमूट आपल्याच जिभेवर ठेवा. आणि तुमच्या मालाची खरी चव ओळखणारं एखादं माणूस असेल तर त्याला जपा, ते भांडखोर असलं तरी. त्याच्यावाचून तुमचं खोटं तुम्हांलाही कळणार नाही.

आणखी एक मागणं आहे. या वाटेनं कधी वर आलात तर एक दगड उचला आणि माझा वरचा खिळा ठोकून द्या, तो सैल झाला आहे. लांडगं अजून फिरतं.

तिच्या अंगाचाही ठोका.